श्रीपतीचं रॉकेल

हौशीरामला ओढ्याकाठच्या त्याच्याच रानात मारलं, तेही दिवसाढवळ्या. श्रीपतीला ते रान हवं होतं आणि हौशीराम देत नव्हता, एवढीच गोष्ट. काठ्या घालणारे गडी श्रीपतीचे. पंचनाम्यात मात्र बैल उधळल्याचं लिहिलं गेलं. बैल बिचारा तेव्हा गोठ्यात रवंथ करत होता. दिवसकार्य उरकायच्या आत त्या गड्यांनी रानाला कुंपण घातलं आणि राखणीला बसले.

माणूस गेला की घरात दहा दिवस दिवा ठेवतात. घरात गोडंतेल नव्हतं, म्हणून हौशीरामच्या धाकट्या भावानं, दत्तोबानं, रॉकेलची चिमणीच लावून ठेवली. तिच्यात रॉकेल ओतताना हौशीरामच्या बायकोचा, शालूबाईचा, हात थांबला. बोटीनं मुंबईला उतरणारं हे तेल या खोऱ्यात विकायचा तो एकटा श्रीपती. त्याच पैशावर त्याचे गडी पोसले जात, शेती नावालाच होती. म्हणजे तिच्या नवऱ्याचा दिवा नवऱ्याच्या मारेकऱ्यांना जेवू घालत होता. तिनं चिमणी उचलली आणि अंगणातल्या दगडावर आपटली.

"अंधारात बसंन," ती दत्तोबाला म्हणाली, "पन त्याचं तेल घरात न्हाई. आन् त्याचे गडी उपाशी पळालेले बघितल्याबिगर मी मरायची न्हाई."

डोंगरावरच्या वाडीतल्या बाया करंजाच्या बिया गोळा करून श्रीपतीच्या दुकानात घालत आणि बदल्यात रॉकेल नेत. बिया तो साबणाच्या कारखान्याला विकी. दोन्हीकडून चराई! शालूबाई वाडीवर त्यातल्याच एकीकडे, हिरीकडे गेली. हिरीची झोपडीही याच गड्यांनी पाडली होती. बिया मला दे, तळेगावच्या घाण्यावर तेल काढू, निम्मं तुमचं, असं शालूबाईनं सांगितलं. करंजाचा धूर कोण सोसणार, हिरीनं विचारलं. डोळे धुता येतात, शालूबाई म्हणाली. हिरीला एवढं पुरलं.

गावाला पुरलं नाही. पणत्या मिणमिणत, भिंती काळ्या होत, तेलाचा कडू वास अंथरुणाला लागे. पुष्कळांनी गुपचूप रॉकेल आणलं. पण रॉकेलचा वास लपतो थोडाच! ज्या घरातून तो येई, त्याच्या उंबऱ्यावर शालूबाई जाऊन बसे. भांडत नसे, रडत नसे. आत काय जळतंय, एवढंच विचारी आणि बसून राही. लोक तिला शिव्या घालत, आणि दुसऱ्या दिवशी घाण्याचं तेल मागायला येत. तिला त्यांची कीव नव्हती आणि लाजही नव्हती.

दुसऱ्या वर्षी करंज उतरला तेव्हा सगळं खोरं हिरीच्या बियांवर उजळत होतं. श्रीपतीच्या दुकानात पिंपं भरलेली आणि गिऱ्हाईक कुणी नाही. पगार थकला तसे गडी एकेक करून पांगले. सगळ्यात शेवटी बहिरू गेला, जाताना मालकाची सायकल घेऊन. शालूबाई ते ऐकून पोटभर जेवली.

माघात तिनं कुंपण उपटलं आणि दत्तोबाला नांगर धरायला लावला. नांगराचं पहिलं तास निम्म्यावर आलं तोच श्रीपती धापा टाकत बांधावर पोचला. हे रान आपलं आहे, बैल सोडा, नाहीतर हाडं मोडीन, असं तो ओरडला. मग सवयीनं त्यानं मागं वळून बहिरूला हाक मारली.

मागं कुणी नव्हतं. दत्तोबानं बैल थांबवले. शालूबाई बांधाजवळ गेली.

"माझ्या मालकाला तुमी हाक मारायला येळ दिला न्हाई," ती म्हणाली. "मी तुमाला देते. मारा, अजून मारा. बघू कोन येतंय."

श्रीपतीनं खरोखरच आणखी एकदा हाक मारली. आवाज फाटला होता. ओढ्यापलीकडे करंज वेचणाऱ्या बाया काम सोडून उभ्या राहिल्या, आणि त्यातली एकही पुढं आली नाही. शालूबाईनं दत्तोबाला बैल हाकायला सांगितलं.