उतरून बघणारी ड्रायव्हर

बारवीकडच्या पाड्यावरून आलेली प्रगती अंबरनाथच्या एमआयडीसीत ट्रेलर रिव्हर्स घ्यायला शिकत होती. साध्या ट्रेलरचं शेपूट स्टेअरिंगच्या उलट जातं, एवढं तिला जमलं होतं. या ट्रेलरची मागची चाकंही वळायची. त्यामुळे शेपूट आधी थोडा विचार करायचं आणि मग भलतीकडेच निघायचं.

शिकवणारा महिपती उस्ताद रिव्हर्स घेताना उभ्या आयुष्यात केबिनमधून उतरला नव्हता. उतरून बघतो तो ड्रायव्हर कच्चा, असं त्याचं मत. मागून गल्ली 'आन दो, आन दो' ओरडते, तिचं ऐकायचं आणि आणायचं.

आज मालक विक्रांतशेठने निकालच लावायचं ठरवलं. ट्रेलर वर्कशॉपच्या फाटकातून उलटा आत गेला तर गाडी तुझी, नाहीतर ऑफिसात बसून फोन उचल. वर तुझा आवाज फोनवर गोड लागतो, असंही म्हणाला. त्याच क्षणी प्रगतीने ठरवलं, ट्रेलर आत जाणार. वाटल्यास फाटकासकट.

पहिल्यांदा तिने रीतीप्रमाणे गल्लीचं ऐकलं. पानवाला डावीकडे म्हणाला. उल्हासनगरहून सोफा पोचवायला आलेला भावेश त्याच सोफ्यावर बसून उजवीकडे म्हणाला. कुत्र्याचंही काहीतरी म्हणणं होतं. सगळ्यांना मान दिल्यावर शेपूट कमळाकरच्या सलूनच्या दारात शिरलं. कमळाकरने वस्तरा न थांबवता खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला विचारलं, हे तुमच्याबरोबर आलेत का.

प्रगतीने ट्रेलर पुढे काढला, हँडब्रेक ओढला आणि दार उघडलं.

"उतरतेस?" शेजारच्या सीटवरच्या महिपतीचा आवाज खाली गेला. "सगळ्यांसमोर?"

"उस्ताद, फाटक मागे आहे. इथे बसून काय दिसणार?"

ती मागे गेली, चाकं कुठे तोंड करून उभी आहेत ते बघितलं, परत चढली, थोडं मागे घेतलं. पुन्हा उतरली. गल्लीला असं काही बघायची सवय नव्हती. कोणीतरी चहा मागवला.

"मॅडम, चालतच जायचं होतं तर ट्रेलर कशाला आणला?" भावेश म्हणाला.

"उठा. सोफा मधे येतोय."

भावेश उठला. गल्लीला हे उतरण्याहून जास्त आवडलं.

ट्रेलर आत गेला. खांबांचा रंगसुद्धा खरवडला नाही.

"पण उतरलीस," महिपती पुटपुटला.

"डाव्या खांबाला प्लास्टर कोणामुळे करावं लागलं, उस्ताद?"

महिपती आरशात बघत बसला. आरशात तोच खांब होता.

विक्रांतशेठने चावी दिली. गाडी तुझी, पण पार्टीसमोर उतरत जाऊ नकोस, कंपनी हलकी दिसते, असं बजावलं.

प्रगतीने चावी खिशात टाकली आणि त्याच्या देखत पुन्हा मागे निघाली. बघण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं. तरी ती शेवटच्या चाकापर्यंत जाऊन, वाकून, नीट बघून आली.