हाताची खूण न कळलेली गाडी

मी एक जुनी, चालकाविना धावणारी गाडी आहे, मित्रांनो. आता डेपोच्या मागच्या शेडमध्ये माझा मुक्काम असतो.

कारखान्यातून आले तेव्हा मला शहरातले ओ की ठो कळत नव्हते. रस्ते शिकवले एका टॅक्सीवाल्याने. सगळे त्याला दादा म्हणत. वर्षभर तो माझ्या स्टिअरिंगपुढे हात मांडीवर ठेवून बसला. "तू शिकलीस की मी घरी," असे तो हसत म्हणे. पण ते हसू ओठांपुरतेच असे.

पुढे मी एकटी धावू लागले. माझ्या नेहमीच्या प्रवासी म्हणजे एक संगीतशिक्षिका. त्यांना दिसत नसे. पहिल्या दिवशी दार लागताच त्या म्हणाल्या, "चला! आज सोडायला या म्हणून भावाची मनधरणी नाही, शेजाऱ्यांची नाही!" मला आभाळ ठेंगणे झाले.

मग ती दुपार आली. चौकातले सिग्नल बंद पडले होते आणि हवालदार हातवारे करून गाड्या सोडत होता. मला दिव्यांची भाषा येत होती, हातांची नाही. मी भररस्त्यात थिजले. मागे आगीचा बंब अडकला. पुढच्या गल्लीत बेकरी पेटली होती.

"अगं, सरक ना बाजूला!" बाई ओरडल्या. त्यांनी मदतीचे बटण दाबले. पण गाड्या दुरून हाकणाऱ्या कक्षात वीस गाड्यांमागे एकच माणूस होता, आणि तो म्हणजे आता दादा. सहा मिनिटांनी दादाचा आवाज आला, "बाई, घट्ट बसा!" आणि त्याने तिथूनच मला फुटपाथवर चढवले. तोवर बेकरीवाल्याचे दोन्ही हात भाजले होते.

लोकांनी मला शिव्यांची लाखोली वाहिली. त्यात खोटे काय होते? आम्हा सगळ्या गाड्यांना बंद केले गेले. चौकशीत बाई उभ्या राहिल्या. "हिला मोडीत काढू नका, शिकवा. आणि माणसं वाढवा."

तसेच झाले. कक्षात जुने टॅक्सीवाले भरती झाले. दादा हवालदाराला घेऊन डेपोच्या अंगणात माझ्यापुढे उभा राहू लागला. "हा हात म्हणजे थांब, हा म्हणजे ये. कळलं का गं, ठोंबे?"

काही महिन्यांनी बेकरीवाला माझ्यात बसला, अंग चोरून. चौकात हवालदाराने हात हलवला. मी निघाले. "आता येतं होय तुला!" तो म्हणाला आणि पाठ टेकून बसला.

मित्रांनो, आम्हाला कामाला जरूर लावा. पण आमच्यामागे एक जागता माणूस ठेवा, आणि आमची चूक झाकू नका. बेकरीवाल्याच्या हातांवरचे डाग अजून गेलेले नाहीत.