गैबीचाचांचा नंबर

"पाच," गैबीचाचा फोनवर म्हणाले.

निवेदितानं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला आणि पाच टाइप केला.

"पाच. पुढं?"

"नऊ. आन् बसूच्या पोरीचं जमलं का गं?"

"जमलं की. अक्कलकोटचं स्थळ आहे. पुढं सांगा, चाचा."

"अक्कलकोटात कुनाचं?"

ते सांगेपर्यंत पडद्यावर लाल अक्षरं उमटली. नंबरची मुदत संपली होती. निवेदितानं दुसरा नंबर मागवायचं बटण दाबलं. मागच्या टेबलावर हिशेब बघणाऱ्या शकुंतलाबाईंनी चहाच्या कपावर बशी झाकली.

"पहिला नंबर कधी लागलाय का आपल्याला?" त्या म्हणाल्या. "मी विचारलंय म्हणावं."

अक्कलकोट रोडवरच्या त्या टॉवेल कारखान्याचं ऑफिस रोज सकाळी असंच उघडायचं. शटरची किल्ली पॅकिंगच्या बसूकडे असायची. पण मेल, ऑर्डरी, तक्ते, सगळं ज्या क्लाउडवर ठेवलेलं होतं, ते सॉफ्टवेअर मात्र विजापूर वेशीत राहणाऱ्या एका रिटायर माणसाच्या मोबाइलवर येणाऱ्या सहा आकड्यांनीच उघडायचं. सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा मालकांनी एकच खातं घेतलं होतं, तेही डिस्पॅच सांभाळणाऱ्या गैबीसाबांच्या नावानं. ज्याचा मोबाइल नंबर कधीच बदलला नाही असा ऑफिसात तोच एक माणूस होता. मग हळूहळू सगळेच गैबीसाब झाले. शकुंतलाबाई वसुलीची पत्रं गैबीसाब म्हणून पाठवायच्या, निवेदिता एक्स्पोर्टची. जर्मनीहून आलेल्या एका गिऱ्हाईक बाईंनी तर विचारलंच होतं, की हे गैबीसाब सकाळी एवढे रागीट आणि दुपारी एवढे प्रेमळ कसे? सकाळची पत्रं कुणाची असतात, ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

चाचा निवृत्त झाले, खातं तसंच राहिलं. निवेदिता त्यांच्यानंतर नोकरीला लागली. वैरागची मुलगी, सोलापुरात खोली घेऊन एकटी राहायची. चाचांना तिनं एकदाच समोर पाहिलं होतं, त्यांच्या पत्नी इमामबी गेल्या तेव्हा. त्या दिवशी ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होते आणि आल्यागेल्याला पाणी हवं का विचारत होते. त्यानंतर फोनची पहिली रिंग पुरी व्हायच्या आत ते उचलायला लागले.

नंबर टाकायच्या चौकटीखाली एक बारीकशी ओळ असायची : या संगणकावर पुन्हा विचारू नका. तिथं एकदा टिक केली असती, तर रोजची यातायात मिटली असती. निवेदिताला ते ठाऊक होतं. उंबऱ्यात झोपलेल्या मांजराला चुकवून जावं, तशी ती रोज त्या ओळीला चुकवून जायची.

मालकांचा मुलगा वरद यानं त्या सोमवारी सगळ्यांना मोठ्या टेबलाभोवती बसवलं. सॉफ्टवेअरमध्ये नव्या सुविधा आल्या होत्या आणि त्या समजावून सांगायचा त्याचा उत्साह दांडगा होता. आता पत्राचं उत्तर सॉफ्टवेअर स्वतःच सुचवणार होतं. बैठकीत कोण काय बोललं, त्याचं टिपणही तेच काढणार होतं.

"आत्तासुद्धा काढतंय," वरद म्हणाला आणि त्यानं टिपण भिंतीवर दाखवलं.

भिंतीवर आलं : निर्णय – बसू यांच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी मिनीबस ठरवावी. टॉवेलचा विषय पुढील बैठकीत.

सगळ्यात जास्त वरदच हसला. हसू ओसरल्यावर त्यानं शेवटची सुविधा सांगितली. येत्या सोमवारपासून ज्याचं त्याचं खातं, ज्याच्या त्याच्या नावाचं. अंगठा टेकवला की उघडणार. सगळ्यांत मिळून एक खातं आता चालणार नव्हतं, म्हणून जुनं शनिवारी संध्याकाळी बंद.

उठताना त्यानं निवेदिताला थांबवलं.

"चाचांनी मला याच टेबलावर टायपिंग शिकवलंय. पण त्यांना रोज सकाळी त्रास द्यायचा, हे बरं दिसत नाही. या वयात आराम नको का त्यांना?"

"हो," निवेदिता म्हणाली.

"मी सांगू त्यांना?"

"नको. मी सांगते."

सांगायला काय लागत होतं? एक वाक्य. ते तिनं मंगळवारी तयार ठेवलं, आणि चाचांनी दुसऱ्या आकड्यानंतर तिच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली. बुधवारी त्यांनी खिमा कसा करपला ते सांगितलं आणि स्वतःच एवढे हसले, की पुढं काही बोलायचं तिच्या जिवावर आलं. शनिवारपर्यंत वाक्य तसंच शिल्लक राहिलं.

"सांगितलीस का?" शकुंतलाबाईंनी पर्स उचलता उचलता विचारलं.

निवेदितानं नकारार्थी मान हलवली.

"अगं, असं कसं? सोमवारी माणूस फोन घेऊन बसल की."

"म्हणूनच तर सांगवत नाही."

शकुंतलाबाई निघाल्या होत्या, त्या पुन्हा बसल्या. "एक विचारू का? तुला काळजी त्यांची लागलीय, का तुझीच?"

"दोघांची," निवेदिता म्हणाली. या शहरात नाष्टा केलास का, असं तिला विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

सोमवारी तिनं अंगठा टेकवला. सॉफ्टवेअर क्षणात उघडलं आणि पडद्यावर आलं : नमस्कार, निवेदिता. त्या पडद्यानं तिला आजवर गैबीसाब याच नावानं हाक मारली होती. स्वतःचं नाव बघून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

वरद चक्कर मारून गेला. "छान, सगळे आत आले. जुनं खातं परवा संध्याकाळीच बंद केलं. आता नंबर येणार नाहीत, असा मेसेज चाचांनाही गेलाय. मराठीतच जातो हल्ली."

म्हणजे चाचांना कळलं होतं. जे आपण सांगायचं, ते त्यांना मोबाइलनं सांगितलं होतं. निवेदिताला स्वतःचा भयंकर राग आला. रोजची वेळ टळून गेली तरी तिनं समोरचं एकही पत्र उघडलं नाही. शेवटी माफी तरी मागू, म्हणून तिनं फोन लावला.

पहिली रिंग पुरी झाली नाही.

"चाचा, मी..."

"हौ बेटा. थांब, चष्मा लावतो."

ती थांबली. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"हं, घे," चाचा म्हणाले. "चार."

पडद्यावर आकडे टाकायला चौकटच नव्हती. निवेदितानं शेजारचा कोरा कागद ओढला आणि त्यावर चार लिहिला.

"चार. पुढं?"

"एक. नाष्टा केलीस का?"

"उप्पीट केलं होतं. पुढं?"

"सात. निस्तं उप्पीट? दही तरी घ्यायचं की संगं."

"उद्या घेते. पुढं, चाचा?"

"शून्य. पुना शून्य."

हे दोन आकडे त्यांनी जरा घाईनं सांगितले. मग त्यांनी वेशीतल्या नव्या बेकरीचा विषय काढला. तिथली खारी इमामबीला आवडली असती, असं म्हणाले आणि थांबले. निवेदिताही थांबली. समोर लाल अक्षरं येणार नव्हती.

"सहा," चाचा म्हणाले.

तिनं सहा लिहिला. आकडे पुरे झाले होते. तिनं पेन खाली ठेवलं आणि तयार ठेवलेलं वाक्य शोधू लागली. शकुंतलाबाईंनी हातातलं काम थांबवलं होतं.

"झालं ना, चाचा?"

"न्हाय गं," ते म्हणाले. "आजचा लई मोठा आलाय. अजून हाय की."

निवेदितानं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले आणि पेन पुन्हा उचललं.

"सांगा."

"दोन," गैबीचाचा म्हणाले. "पन घाई न्हाय. तू आदी चहा घे."