लिलावातली सात सेकंदं

कॉलेज रोडवरच्या आमच्या क्लासमध्ये शेवटची परीक्षा मी घेते. वेबपानावरचा व्हिडिओ, चित्रं, आवाज, सगळं न दिसणाऱ्यालाही पोचलं पाहिजे, हे तिथे शिकवतात. मला जन्मापासून दिसत नाही, त्यामुळे या एका विषयात माझ्या तोडीचं तिथे कुणी नाही. मी कीबोर्ड घेऊन बसते, संगणक पान वाचून दाखवतो, आणि मला एक जरी प्रश्न विचारावा लागला तर पोरगं नापास.

ज्ञानेश लासलगावकडचा. त्याचं पान कांद्याच्या लिलावावर होतं. पहिल्या खेपेला फोटोंच्या वर्णनाच्या जागी संगणकाने फायलींचे नुसते आकडे वाचले. "हा कांदा आहे की गाडीचा नंबर?" मी विचारलं. झाला नापास. हे त्याने इतकं मनाला लावून घेतलं, की दुसऱ्या खेपेला एकेका ट्रॅक्टरचं वर्णन लग्नपत्रिकेच्या थाटात आणलं. त्या डौलदार ट्रॉल्यांखाली लिलाव पार दबून गेला.

तिसरी खेप शेवटची. एक कंपनी त्याला घेणार होती, पण आमच्या दाखल्यावर. हे त्याने मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मी लक्ष नसल्यासारखं केलं. खरं तर तो पास व्हावा असं मलाच फार वाटत होतं.

या वेळी पान नीट बोलत होतं. व्हिडिओ सुरू झाला. पुकारा, बोली, व्यापाऱ्यांचा गलका. आणि मग एकदम सगळे गप्प. कोणीतरी खोकलं. सात सेकंदांनी बोली परत सुरू.

आता विचारलं तर पोरगं गेलं. पण विचारायला बंदी आहे, पुन्हा ऐकायला नाही. मी तेवढाच तुकडा मागे घेतला. परत घेतला. चौथ्यांदा घेतल्यावर ज्ञानेशची खुर्ची करकरली.

"ते व्हय? काय नाय मॅडम, व्यापारी कांदा दाबून बघतोय. ते काय सांगायचं, सगळ्यांना माहीतच असतंय."

"मी काही विचारलेलं नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे कांदा पिशवीतून येतो, एवढंच."

मग तो हळू म्हणाला, "ट्रॉली आमचीच हाय. बाजूला आण्णा उभे हायेत. तोंड लय उतरलंय त्यांचं. ते लोकांना कशाला सांगायचं म्हटलं."

मी पाचव्यांदा तोच तुकडा लावला. तो उठून शेजारच्या खोलीत गेला आणि अर्ध्या तासाने परत आला.

पुन्हा पुकारा, बोली, गलका. मग त्या शांततेत ज्ञानेशचा आवाज, अगदी साधा: "व्यापारी एक कांदा उचलून दाबतो. माझे वडील भिमाजी त्याच्या बोटांकडे बघत आहेत." बस. बोली परत सुरू झाली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की कीबोर्डवरची माझी बोटं आखडली आहेत. लासलगावला मी आयुष्यात गेलेले नाही.

"पास," मी म्हटलं.

आमच्या या क्लासमध्ये निकालाचा कागद मात्र अजून कागदच आहे. ज्ञानेशने तो माझ्यापुढे सरकवला, हातात पेन दिलं आणि आनंदाने म्हणाला, "इथे सही करा."

"इथे म्हणजे कुठे रे?"