लूलूचा हिरवा कोट

रुइयुनच्या घरात खाली शिलाई मशीन आणि वर संसार. ताईहू सरोवराच्या दक्षिणेकडचं ते गावच लहान मुलांच्या कपड्यांचं. निम्म्या घरांची मांडणी अशीच. लग्नाआधी रुइयुन तिथल्याच एका कारखान्यात कॉलर जोडायची. मुलगी झाली ती थंड दंवाच्या पंधरवड्यात, म्हणून त्या पंधरवड्याचंच हानलू हे नाव तिला ठेवलं. घरात सगळे तिला लूलू म्हणत. तिच्या पहिल्या नववर्षाला रुइयुनने आपल्या माहेरच्या रजईचं लाल रेशमी कापड उसवून तिला कापूस भरलेला छोटा कोट शिवला. बाजूला बंद होणारा, जुन्या पद्धतीचा, गाठींच्या बटणांचा. शेजारीण म्हणाली, “माझ्या नातीला पण दे की एक.” तिथून धंदा सुरू झाला.

नवरा निंगबोच्या बंदरात क्रेन चालवायचा, सुट्टी मिळेल तसा यायचा. सासूबाईंनी आधीच सांगितलं होतं, “हे तुझं खूळ आहे, मी काही पोर सांभाळणार नाही.” आणि मग रोज त्याच पोर सांभाळत. कापडबाजारात जाताना मात्र रुइयुन लूलूला पाठीशी बांधून न्यायची. दुकानदार ताग्यांवर जागा करून द्यायचा, पोर तिथे खुशाल झोपायची. पुढे धाकटा तांगयुआन झाला तोवर खाली सात-आठ बायका कामाला होत्या आणि फोनवरच्या दुकानाला दूरदूरच्या शहरांतून मागणी येत होती.

दुकानाचा चेहरा म्हणजे लूलू. दर वर्षीचा कोट तिच्याच अंगावर आधी चढायचा. हात जोडून नववर्षाच्या शुभेच्छा देणारा तिचा एक फोटो कुणीतरी स्टिकर करून पसरवला, आणि सणाला तो अनोळखी लोकांच्या फोनवर फिरू लागला. सासूबाई तर भाजीवालीलाही तोच पाठवायच्या. रुइयुनला वाटायचं, केवढं भाग्य आपलं!

थंडीच्या कोटांचे फोटो उन्हाळा सरता सरता काढावे लागतात. त्या दिवशीही अंगणात ऊन रटरटत होतं. फोटोवाला फंग कॅमेरा लावून बसला होता. नऊ वर्षांची लूलू पायरीवर बसलेली, कोट मांडीवर.

“घाल ना गं बाळा. दहा मिनिटांत होईल.”

“नाही घालणार.”

“उकडतंय का? पंखा आणते.”

“पंखा नको. मला हे करायचंच नाही.”

सासूबाई दारातून म्हणाल्या, “शेफारलीय! इतरांच्या पोरी नुसत्या फोटोसाठी रडतात.”

“मग त्यांनाच घाला!” लूलू म्हणाली.

रुइयुनचा आवाज चढला. “मी हे सगळं कुणासाठी करते गं? दिवसभर मान मोडून शिवते ते कुणासाठी?”

लूलूने कोट बाजूला ठेवला. रडली नाही. “वर्गात सगळे मला बघून हात जोडतात. ‘घ्या, घ्या, एकावर एक फुकट!’ म्हणतात. बाईंनी पालकांच्या ग्रुपवर परीक्षेचे गुण टाकले, तर त्याखालीही कुणाच्या तरी आईने माझंच स्टिकर टाकलं. माझेच गुण कमी होते त्यात.” मग हळूच म्हणाली, “तू मला कधी विचारलंस, आई?”

फंगने उगाचच कॅमेऱ्याची काच पुसली. “वहिनी, आज ऊन फार आहे. बघा बुवा.”

रुइयुनच्या मनात आलं, विचारायचं कधी? पहिला फोटो काढला तेव्हा पोरीला बोलताही येत नव्हतं. आणि नंतर विचारायचं राहूनच गेलं. तिने लूलूच्या मानेवरचे ओले केस बाजूला केले. खाली घामोळं उठलं होतं. गेल्या दोन दिवसांच्या फिटिंगचं.

“जा, अंघोळ कर,” ती म्हणाली. “कलिंगड कापून ठेवते.”

“आणि फोटो?” सासूबाईंनी विचारलं.

“बघते काय ते.”

तिने कपडे वाळत घालायचा बांबू भिंतीलगत आडवा बांधला आणि कोट त्याच्यावर बाह्या पसरून ओवले. तांगयुआनला आपलीही पाळी हवी होती. त्याने कोट उलटा घातला, कोंबडीच्या मागे धावला आणि एकाही फोटोत नीट आला नाही. फंग हसून हसून बेजार झाला.

मग रुइयुनने दुकानातले लूलूचे सगळे फोटो काढून टाकले. लोकांच्या फोनमधलं स्टिकर तिला काढता येणार नव्हतं. तिने पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘माझ्या मुलीला ते आवडत नाही, कृपा करून वापरू नका.’ काही जणींनी माफी मागितली. एकीने उत्तरादाखल तेच स्टिकर पाठवलं. रुइयुनने तिला थेट फोन लावला. काय बोलली ते कुणाला कळलं नाही, पण त्यानंतर ते ग्रुपवर दिसलं नाही.

त्या हंगामात मागणी कमीच आली. गिऱ्हाइकं विचारायची, “ती छोटी कुठे गेली?” रुइयुन सांगायची, “शाळेत.”

थंडी पडली तसं एका संध्याकाळी लूलू गृहपाठाची वही घेऊन मशीनपाशी येऊन बसली. बराच वेळ चिंध्यांशी खेळली.

“आई, मला एक कोट शिवशील? विकायचा नसलेला.”

“शिवीन की. लाल?”

“लाल नको, हिरवा. शेवाळासारखा. आणि खिसे हवेत.”

रुइयुन कोटांना खिसे ठेवत नसे. फोटोत ते फुगलेले दिसत, कापडही जास्त लागे. “खिसे कशाला?”

“हात गार पडतात. आणि संत्री ठेवायला. दोन मावली पाहिजेत.”

रुइयुनने कापड कापायच्या आधी तिलाच खिसा कुठे हवा ते खडूने आखायला लावलं. रेघ वाकडी आली. तिने तशीच शिवली. सासूबाई कुरकुरल्या, “सणाला लाल सोडून पोर हिरव्यात? लोक काय म्हणतील!” पण गाठींची बटणं त्यांनीच वळून दिली, आणि त्यांच्यासारखी गाठ गावात कुणाला येत नव्हती.

नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी सगळी माहेरी निघाली. बसमध्ये रुइयुनच्या शेजारी कुणी ओळखीची व्यापारीण बसली. तिची नजर लूलूच्या अंगावरच्या हिरव्या कोटावरून हलेना. “हा नमुना दे मला. दक्षिणेत हातोहात जाईल. पाहिजे तेवढे शीव, सगळे घेते.”

रुइयुनच्या जिभेवर होकार आला होता. गेल्या हंगामाची सगळी कसर एका फटक्यात निघाली असती.

“कोट माझा नाही,” ती म्हणाली. “मालकिणीला विचारावं लागेल.”

मालकीण खिडकीशी बसून भावाला संत्र्याच्या फोडी भरवत होती. रुइयुनने तिला सगळं नीट समजावून सांगितलं. कोण मागतंय, किती मागतंय, आणि नाही म्हटलं तरी चालेल, हेही.

बस दोन पूल ओलांडून गेली.

“रंग नाही द्यायचा,” लूलू शेवटी म्हणाली. “रंग माझा. पण खिसे सगळ्यांना दे.”

“लाल कोटाला?”

“हो. सगळ्यांचेच हात गार पडतात ना.”

व्यापारीण हसली. “ही तुझ्यापेक्षा वरचढ निघणार बाई!”

“फोटो मात्र बांबूवरचेच,” लूलूने ताकीद दिली, आणि उरलेली फोड आईच्या तोंडात घातली.