थंड लोखंडाची ढाल

मी एक जुनी ढाल आहे, मित्रांनो. आकार विचाराल तर तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा. हसलात ना? खुशाल हसा. पण याच अंगावर मी राक्षसांचे सोटे झेलले आहेत, आणि एक अख्खं शहर माझ्या भरवशावर निर्धास्त झोपलेलं आहे.

मी खेळातली ढाल आहे. रविवारी जेवणं आटोपली की एका घरातलं टेबल पुसलं जातं आणि मंडळी त्याभोवती बसतात. मामा गोष्ट सांगतात, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि वार लागला की हुकला हे फासा ठरवतो. मामा कारखान्यात फिटर आहेत. खेळ सगळा तोंडी, पण त्यांना खोटं सामान खपत नाही. गोष्टीत चांदीची तलवार असेल तर टेबलावर खऱ्या चांदीचा तुकडा हवाच. लांडगेमाणसांना चांदीच लागू पडते, तिथे कथिलाची डाळ शिजत नाही. जे मिळणंच शक्य नाही तेवढ्यापुरती सूट, म्हणून ड्रॅगनच्या खवल्यांचं चिलखत त्यांनी शिंपल्याच्या पापुद्र्यांतून जुळवलंय. काय चकाकतं ते! आकाशातून पडलेलं लोखंड तरी कुठून आणणार, त्याची कुऱ्हाड म्हणजे बेअरिंगमधली एक गोळी. दिसायला एवढीशी, पण रुबाब विचारू नका. आणि नियम असा, की टेबलावरच्या तुकड्याचं जे होईल, तेच गोष्टीतल्या शस्त्राचं होणार.

माझी जात थंड लोखंडाची. या जातीला आग वर्ज्य. मामांनी मला एका पट्टीतून करवतीने कापलं आणि मग नुसतं ठोकलं. ठोकता ठोकता मी जरा कोमट झाले की ते हात थांबवायचे, मला गार पाण्यात सोडायचे आणि चहा पिऊन यायचे. शेजारच्या शिंपीणकाकू म्हणायच्या, "अहो, एवढ्या वेळात माझे दोन परकर शिवून झाले!" मामा नुसते हसायचे. मित्रांनो, त्या हाताला तोड नाही. माझ्या कडेवरून बोट फिरवलंत तर कुठे ओरखडासुद्धा लागायचा नाही.

मी ताईच्या वाट्याला आले. ताई म्हणजे मामांची भाची. दवाखान्यात रक्त तपासते, आणि खेळात ती असते पूलराखीण. पुलाच्या अलीकडे शहर, पलीकडे धुक्याची राणी. साधं पोलाद त्या राणीच्या अंगातून वाऱ्यासारखं आरपार जातं. तिला चटका बसतो तो फक्त थंड लोखंडाचा, म्हणजे माझा! पूलराखिणीने मला पुढे केलं की राणी किंचाळून मागे हटायची, आणि शिंपीणकाकू टाळ्या पिटायच्या. खरं सांगते, माझी छाती अभिमानाने फुलायची.

पुढे मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि खेळ बंद पडला. मी गेले खणात, संपलेल्या सेलांच्या आणि रबरबँडांच्या संगतीत. अंगाला गंज चढला. एकदा कोणीतरी वरून कुलूप आपटलं आणि माझ्या पोटात पोचा आला. कोणी विचारलंसुद्धा नाही. फार वाईट वाटलं.

मामांचे डोळे बरे झाले तोवर ताईच्या भावाचं लग्न झालेलं होतं. भाऊ रविवारी घोरत पडायचा, पण त्याची बायको हौसेने टेबलापाशी आली. घरात सगळे तिला सूनबाईच म्हणायचे. खेळात तिने किल्ल्यातली स्वयंपाकीण व्हायचं ठरवलं. बिचारी सगळ्यांच्या मनात जागा मिळवायला धडपडत होती.

पुढच्या रविवारी राणी सगळी फौज घेऊन पुलावर येणार होती. त्या दिवशी सकाळी सूनबाईने मला खणातून काढलं. "काय अवस्था झालीय!" असं हळहळत तिने माझा गंज घासला. मग मला चिमट्यात धरलं आणि गॅस पेटवला.

मला ओरडता येत असतं ना, मित्रांनो, तर सगळी आळी गोळा केली असती.

मी लाल झाले. तिने बत्त्याने पोचा सपाट केला आणि दुपारी मोठ्या आनंदाने मला टेबलावर ठेवलं. मामांनी मला उचलून उजेडात धरलं. माझ्या कडेवर निळा-जांभळा रंग चढलेला होता.

"सूनबाई, तापवलीस?"

"हो! लोखंड तापवूनच सरळ करतात ना?"

"अगं बाई!" शिंपीणकाकूंनी कपाळाला हात लावला.

मामांनी तिला शांतपणे समजावलं. "थंड ठोकलेलं लोखंड आग लागली की मऊ पडतं. आता ही साधी ढाल झाली. राणीला हिचा चटका बसणार नाही."

सूनबाईचा चेहरा खर्रकन उतरला. "ताई, मला माफ करा. तुमची पूलराखीण माझ्यामुळे... आपण तापवलीच नाही असं धरू या ना!"

ताईने मला तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिलं. किती वर्षं सांभाळली होती तिने पूलराखीण! शेवटी म्हणाली, "असं कसं धरायचं? मग तलवारीला खरी चांदी कशाला, आणि मामांनी एवढं ठोकलं कशाला?"

"मग मी उठते. मी नाही खेळत."

"उठतेस कुठे? पुलावर ये माझ्याबरोबर."

मामा म्हणाले, "राणी जळणार नाही. पण या पुलाचा कौलच असा, की ढाल साधी असली तरी ती धरून कोणी उभं असेल तोवर राणी पूल ओलांडू शकणार नाही. उजाडलं की तिचं धुकं विरेल."

ताईने फासा टाकला. निभावलं. पुन्हा टाकला. पुन्हा निभावलं. मग फासा गडगडत गेला आणि सगळ्यांत कमी आकड्यावर थांबला.

"पूलराखीण पडली," मामा म्हणाले. "ढाल पुलावर पडली आहे. राणी पुढे येतेय."

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तेवढ्यात सूनबाईने मला उचललं.

"मी उभी आहे," ती म्हणाली. "येऊ दे तिला."

तिच्या बोटांना घाम सुटला होता. फासा दर वेळी जेमतेम तारत होता. पण तिने रेटून धरलं, मित्रांनो. एक साधी स्वयंपाकीण आणि एक साधी ढाल, आम्ही दोघींनी उजाडेपर्यंत पूल सोडला नाही.

मामांनी "उजाडलं" म्हटल्यावर तिने मला ताईपुढे ठेवलं. ताईने डोळे पुसले आणि मला परत तिच्याकडे सरकवलं.

"आता ही तुझी. पुन्हा गॅसवर ठेवलीस तर मात्र याद राख!"

आता मी सूनबाईची आहे. ती मला कोरड्या फडक्याने पुसते, तेलाचा हात लावते आणि मऊ कापडात गुंडाळून ठेवते. तेव्हा एवढी विनवणी ऐका, मित्रांनो. जुन्या वस्तूंना खणात कोंडून विसरू नका, आणि दुरुस्त करायला घ्याल तेव्हा ती कशाची आहे, कोणी कशी घडवली, हे आधी विचारा. आणि हातून चूक झालीच, तर टेबलावरून उठू नका.