बुधवारपर्यंत टिकवलेली सॉसेजेस

जयप्रकाश घाग निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात मीनाताईंना चिपळूणला जावं लागलं. त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि माहेरी दुसरं बघणारं कोणी नव्हतं. जुईनगरच्या फ्लॅटमध्ये जयप्रकाशराव एकटे राहिले. भात-आमटी त्यांना येत होती, मासेही बरे तळता येत होते, त्यामुळे पोटाची आबाळ नव्हती. दिवस मात्र खायला उठायचा.

सकाळी ते बागेत फिरायला जाऊ लागले. तिथे निवृत्त मंडळींचा एक कट्टा होता. सगळे 'या, घागसाहेब' म्हणून जागा द्यायचे, पण गप्पा जुन्या, चेष्टा जुन्या, त्यात यांना शिरता येईना. शेवटी त्यांनी ठरवलं की रविवारी सगळ्यांना नाश्त्याला बोलवायचं आणि असं काहीतरी करायचं की लोकांनी नाव काढलं पाहिजे. नोकरीत असताना कंपनीच्या कामाने ते गोव्याला जायचे. तिथल्या हॉटेलात सकाळी मिळणारी सॉसेजेस त्यांच्या जिभेवर अजून होती. तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजवाल्याकडून त्यांनी चिकन सॉसेजेसची भलीमोठी पाकिटं आणली. बेत काय आहे हे मात्र कोणाला सांगितलं नाही.

रविवारी पहाटेपासून ते ओट्याशी उभे होते. सॉसेजेस आधी उकडून घेतली, मग लोण्यावर खरपूस परतली. मंडळी आली, पंख्याखाली बसली, आणि जयप्रकाशरावांनी झाकण काढलं तशी सगळी एकमेकांकडे पाहू लागली.

त्या दिवशी संकष्टी होती.

घरात हे लक्षात ठेवायचं काम मीनाताईंचं. त्या नाहीत म्हटल्यावर चतुर्थी अशी गुपचूप येऊन दारात उभी राहील, हे जयप्रकाशरावांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पाहुण्यांना वाटलं होतं, उपासाचा दिवस पाहून बोलावलंय म्हणजे साबुदाण्याची खिचडी असणार. त्यात एकट्या जयदेवना उपास नव्हता. जयदेव सारसोळ्याचे, घरची मासेमारी. त्यांनी मनापासून चार सॉसेजेस खाल्ली आणि पाचव्यालाही नाही म्हटलं नाही. बाकीच्यांनी नुसता चहा घेतला.

यजमानांचा चेहरा पाहून मारोतरावांना वाईट वाटलं. मारोतराव कट्ट्यावरचे सगळ्यात ज्येष्ठ, मूळचे अकोल्याचे. ते म्हणाले की उद्या येऊ. मग त्यांनाच आठवलं की उद्या सोमवार, त्यांचा शंकराचा वार. मंगळवार आणखी दोघांचा गणपतीचा. हिशेब करता करता गाडी बुधवारवर येऊन थांबली. बुधवारी संध्याकाळी सगळे येणार आणि हीच सॉसेजेस खाणार, असा शब्द देऊन मंडळी उठली.

जयप्रकाशरावांनी सगळा ऐवज एका उभ्या स्टीलच्या डब्यात भरला, झाकण घट्ट लावलं आणि डबा टेबलावर ठेवला. तेवढ्यात मीनाताईंचा फोन आला. आधी त्या पोट धरून हसल्या. मग डबा कुठे ठेवलाय ते ऐकलं आणि त्यांचं हसणं थांबलं.

"आधी तो डबा उघडा," त्या म्हणाल्या. "वरून गार लागेल, पण मधली तासन्‌तास कोमट राहतात. आणि कोमट म्हणजेच नासायला आमंत्रण. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेली पाहिजेत."

मग सगळं त्यांनी फोनवरून करून घेतलं. परातीत आणि ताटांत सॉसेजेस एकेरी पसरायची, वर पंखा सोडायचा, वाफ जिरली की बुटक्या, पसरट डब्यांत झाकून ठेवायची. बुधवारची तेवढी फ्रीजमध्ये, कारण तिथे ती तीन-चार दिवस चांगली राहतात. उरलेली आजच्या आज फ्रीझरमध्ये, पिशव्यांत चपटी लावून, म्हणजे गोळा होणार नाही आणि हवी तेवढीच काढता येतील. फ्रीजमधले कच्चे बोंबील मात्र सगळ्यात खालच्या कप्प्यात; त्यांचं पाणी शिजवलेल्यावर ठिबकता कामा नये.

सूचना पक्क्या होत्या, पण फ्रीज शिगोशीग भरलेला होता. नवऱ्याचे हाल नकोत म्हणून मीनाताईंनीच जाताना खोवलेला नारळ, वाटण, आंब्याचा रस, इडलीचं पीठ असं सगळं कोंबून ठेवलं होतं. पसरट डबा जाणार कुठे? पंख्याखाली सॉसेजेस निवत होती आणि जयप्रकाशरावांना घाम फुटला होता. शेवटी त्यांनी शेजारच्या नमिताची बेल वाजवली.

नमिताच्या घरात अंडंसुद्धा चालत नसे, म्हणून ते दारातच अडखळत बोलू लागले. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, तुमची सॉसेजेस तुमच्याकडेच राहू द्या. नारळ, रस, पीठ इकडे द्या. माझा अर्धा फ्रीज रिकामाच आहे."

इतकी सरळ वाट त्यांना सुचली नव्हती. दोन फेऱ्यांत फ्रीज मोकळा झाला, डबे वरच्या कप्प्यात बसले आणि जयप्रकाशरावांनी कपाळ पुसलं.

सोमवार सुखाने गेला. मंगळवारी जेवून ते जरा लवंडले होते, तोच पंखा थांबला. खाली चौकशी केली तर गल्लीतला ट्रान्सफॉर्मर गेला होता, आणि लाईट केव्हा येईल ते कोणालाच सांगता येईना. मीनाताईंना फोन लावला. त्यांनी बजावलं की फ्रीजचं दार अजिबात उघडू नका. बंद असला तर चारेक तास गारवा धरतो, गच्च भरलेला फ्रीझर तर त्याहूनही जास्त. पुढे मात्र बर्फ लागेल.

जयप्रकाशराव फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसले. आत काय होत असेल या विचाराने त्यांचा हात दोनदा दाराकडे गेला आणि दोन्ही वेळा त्यांनीच तो मागे घेतला. मग न राहवून त्यांनी कट्ट्याच्या ग्रुपवर टाकलं की लाईट गेली आहे, बुधवारचं काही खरं नाही.

थोड्याच वेळात जयदेव थर्माकोलचा मोठा खोका घेऊन जिना चढून आले. लिफ्टही बंदच होती. "बरफ आनलाय," ते धापा टाकत म्हणाले. "पोराच्या धंद्याचा हाय, पन खोका नवाकोरा. आता डबा काडा नि पिशवीत घट्ट बांदा."

दार एकदाच उघडलं. डबे पिशव्यांत बांधून बर्फात गाडले आणि खोक्याचं झाकण लावलं. तोवर मारोतराव हातपंखा घेऊन हजर झाले होते. पाठोपाठ बाकीचेही आले. बुधवारचा बेत आता सगळ्यांचाच झाला होता. खोका मधे ठेवून मंडळी जमिनीवर बसली, कारण लाद्या गार होत्या. जयदेवनी पाण्यावरच्या गोष्टी काढल्या. मारोतरावांनी अकोल्याच्या उन्हाळ्याच्या सांगितल्या, आणि त्यापुढे हा उकाडा म्हणजे माथेरान आहे असं ठरवून टाकलं. जयप्रकाशरावांनी आपल्या साहेबाची अशी काही नक्कल केली की खालच्या मजल्यावरचे लोक काय झालं म्हणून विचारायला आले. ही नक्कल ते आजवर फक्त मीनाताईंसमोर करायचे.

दिवेलागणीला पंखा फिरला तेव्हा कोणाचं लक्षच नव्हतं. जयदेवनी खोक्यात हात घातला. डबे बर्फासारखे गार होते. ते परत फ्रीजमध्ये गेले आणि मंडळी घरी गेली.

बुधवारी संध्याकाळी जयप्रकाशरावांनी कांदा, ढबू मिरची आणि थोडा मालवणी मसाला परतला, त्यात सॉसेजेस घातली. नुसती कोमट करायची नाहीत, आतपर्यंत वाफाळली पाहिजेत, आणि पुन्हा पुन्हा गरम करायची नाहीत, हा शेवटचा हुकूम सकाळीच आला होता. म्हणून एक मधोमध कापून त्यांनी वाफ पाहिली आणि मगच ताटं केली. लादीपावाबरोबर ताटं बघता बघता रिकामी झाली. नमिता स्वतःच्या हातची कोथिंबीरवडी देऊन गेली, तीही शिल्लक राहिली नाही. तव्यात दोन सॉसेजेस उरली. ती उद्यासाठी ठेवायला निघालेला हात जयप्रकाशरावांनी आवरला आणि जड मनाने ती टाकून दिली.

मीनाताईंचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मोबाइल हातोहात सगळीकडे फिरला. प्रत्येकाने काही ना काही कौतुक केलं. त्या म्हणाल्या की आईचा डोळा आता छान आहे, शनिवारी निघते.

मारोतरावांनी मोबाइल जवळ ओढला. "वहिनी, तुम्ही अजिबात घाई करू नका," ते म्हणाले. "शुक्रवारी जेपी बोंबील तळणार आहेत."

असं काही ठरलेलं नव्हतं आणि त्यांना जेपी असंही आजवर कोणी म्हटलं नव्हतं. जयप्रकाशरावांनी मीनाताईंकडे पाहिलं. त्या हसत होत्या.

"ते रविवारपासूनचे बोंबील नकोत हं," त्या म्हणाल्या. "ताजे आणा."

"ताजे मी आनतो," जयदेव म्हणाले आणि त्यांनी आणखी एक पाव तोडला.